खुर्चीवरचं बोलणं

कारागीर माणसांशी बोलायचा ते त्यांच्या पाठीमागे उभं राहून. गिऱ्हाईक खुर्चीत, तोंड आरशाकडे. हा मागे, एका हातात कंगवा, दुसऱ्यात कात्री. दोघांची नजर मिळायची ती समोरच्या काचेत. समोरासमोर ज्याच्याशी दोन शब्द धड बोलला नसता, त्याला तो आरशातून सगळं विचारायचा. गुडघा कसा आहे, पोराला नोकरी लागली का, घराचं काम कुठवर आलं. आणि मानेवर गार पाण्याचा फवारा पडला की माणसं मोकळी व्हायची. घरी न सांगितलेलं खुर्चीत सांगून जायची.

दुकानात दोनच खुर्च्या. एक मालकाची, एक त्याची. मालकही कात्री चालवायचा, पण मालक तो मालक, म्हणून याला सगळे कारागीर म्हणायचे. धंदा शिकताना त्याला पहिला नियम मालकानेच घालून दिला होता: एका खुर्चीवरचं दुसऱ्या खुर्चीवर न्यायचं नाही. वस्तऱ्याला धार लावायला त्यानंतर शिकवलं.

हा नियम त्याच्या अंगात इतका भिनला की तो खुर्चीवरचं घरीसुद्धा नेईना. आणि घरात मुळी आरसा होता तो मोरीच्या दारावर, हातभर. त्यात एका वेळी एकच तोंड मावायचं.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर लोकांचे खोकले आणि उधाऱ्या ऐकून घरी यायची आणि तिला वाटायचं, आता कुणीतरी आपलं ऐकावं, आपल्याला काही सांगावं. हा ताटात बघून जेवायचा.

"आज गर्दी होती?"

"हं."

"मालक काय म्हणतो?"

"काय म्हणणार."

"तोंड दुकानातच ठेवून येता की काय? उद्यापासून डब्यात घालून आणत जा. मी गरम करून घेईन."

तो हसायचा. तिला ते हसू पुरायचं, पहिली काही वर्षं. मग पुरेना. भांडण म्हणावं असं कधी झालंच नाही. भांडायला समोरच्यानेही काही बोलावं लागतं.

मुलगी झाली तेव्हा मात्र त्याला वाट सापडल्यासारखं झालं. लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची एक फळी असते. मुलगी बसायला लागल्यापासून तो तिला त्या फळीवर बसवायचा, मागे उभा राहायचा, आणि आरशातल्या तिच्याशी जे बोलत सुटायचा ते मालकानेही कधी ऐकलं नव्हतं. केस कापून झाले की ती म्हणायची, फिरव. तो खुर्ची गरागरा फिरवायचा. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिचे केस कानाच्या पाळीपाशी सरळ रेषेत कापलेले असत. ती रेष त्याची होती.

भिंगरी साडेचार वर्षांची असताना एका संध्याकाळी बायको त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली. "माझं काय चुकलं ते तरी सांगा. शिव्या द्या, पण सांगा." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सांगण्यासारखं बरंच होतं, आणि तिचं काही चुकलेलं नव्हतं, हे तर पहिलं. पण ती समोर होती. त्याने मान खाली घातली. शाळेचं वर्ष संपल्यावर ती मुलीला घेऊन आपल्या आईकडे गेली ती परत आली नाही.

*

पुढचं सगळं कागदावर सुरू झालं. त्याच्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताबा मागायचा का?"

"म्हणजे?"

"मुलगी कुणाकडे राहणार ते."

"आईकडेच राहू दे. तिला आई लागते. मला ती दिसली पाहिजे."

"मग भेटीचा अर्ज." वकिलाने पेनाचं टोपण काढलं. "सोपं आहे ते. वेळ लागतो फक्त."

वेळ लागला. तारखा पडत गेल्या. पहिल्या भेटीचा आदेश हातात येईपर्यंत भिंगरीच्या शाळेचं एक वर्ष सरलं होतं. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, एक तास, न्यायालयाच्या इमारतीतल्या मुलांच्या खोलीत.

पहिल्या शनिवारी तो दुकानातून तसाच निघाला होता. दारावरच्या शिपायाने त्याला तपासलं आणि शर्टाच्या खिशातून कंगवा आणि छोटी कात्री काढली.

"हे काय? पोरीला भेटायला आलात की जावळ काढायला?"

"खिशात असतं नेहमी."

"कंगवा ठेवा. कात्री इथे राहील. जाताना न्या."

खोली तळमजल्यावर होती. भिंतींवर ढग रंगवलेले, एका कोपऱ्यात जिराफ, त्याच्या तोंडाचा रंग ओल येऊन गळून गेलेला. बुटक्या खुर्च्या. आजी भिंगरीला सोडून बाहेर बाकावर जाऊन बसली. भिंगरी दप्तर मांडीवर घेऊन त्याच्या समोर बसली. तिचे केस वाढले होते, खांद्यांवर आले होते. त्याने पहिलं तेच पाहिलं. केस महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढे वाढतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आपली रेष कुठे होती आणि तिच्याखाली किती केस आपल्याशिवाय वाढलेत, हे त्याला त्या केसांवर वाचता येत होतं.

"जेवलीस?"

"हो."

"शाळा?"

"आहे."

"आजी बरी आहे?"

"बाहेर बसलीय."

त्यानंतर काय बोलायचं ते त्याला येईना. रिकामे हात कुठे ठेवायचे तेही कळेना. ते त्याने गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीखाली घातले. शेजारी दुसरा एक बाप मुलाला पाठीवर घेऊन घोडा झाला होता. भिंगरी बुटांकडे बघत होती. तास संपला तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

असे कितीतरी शनिवार गेले. खोलीच्या कोपऱ्यात टेबलाशी एक समुपदेशक बाई बसायच्या. वयाने फार नव्हत्या, पण आवाजात घाई नव्हती. एकदा त्यांनी त्याला थांबवून घेतलं.

"तुम्ही रविवारी मुलीला घरी न्यायची परवानगी मागितलीय. ऐकलं मी."

"हो मॅडम. दिवसभर. संध्याकाळी पोचवीन."

"न्यायाधीश मला विचारतील, बापाचं आणि मुलीचं कसं आहे. मी जे बघते तेच लिहिणार. आणि तासभर तुम्ही दोघं बसस्टॉपवर बसल्यासारखे बसता."

त्याने खिशातला कंगवा चाचपला.

"बघा, एक समजून घ्या. ताबा म्हणजे मालकी नव्हे. मूल कुणाच्या घरी झोपणार, कोण त्याला शाळेत धाडणार, तेवढंच ते. आणि ही भेट आहे ना, ती तुमचा हक्क म्हणून कागदावर असली, तरी खरा हक्क तिचा आहे. तिला बाप मिळतोय का, एवढंच बघायला मी इथे बसलेय. तुम्ही चांगले आहात की तिची आई चांगली आहे, याच्याशी मला कर्तव्य नाही."

"मला बोलता येत नाही, मॅडम."

"धंदा काय करता?"

"सलूनमध्ये आहे."

बाई हसल्या. "सलूनमधला माणूस म्हणतो मला बोलता येत नाही. कमाल आहे."

त्याला रविवार पाहिजे होता. दुसरं काहीच नको होतं. घर नव्हे, बायको परत यावी हेही आता नव्हे. एक दिवस, ज्याला भिंती ढगांच्या नसतील.

*

खेळण्यांचं कपाट काचेच्या दाराचं होतं आणि त्याची किल्ली शिपायाकडे असायची. एका शनिवारी शिपाई जागेवर नव्हता. भिंगरी कपाटापुढे जमिनीवर बसून आतल्या बाहुलीकडे बघत राहिली. तो उठून तिच्या मागे बुटक्या खुर्चीवर बसला, आणि वर पाहतो तर काचेत तिचा चेहरा. खेळण्यांच्या पुढे तरंगत असलेला, अंधूक, पण चेहरा. तीही त्याच्याकडेच बघत होती.

त्याचा हात आपोआप खिशातल्या कंगव्याकडे गेला.

"या साहेब," तो काचेत बघून म्हणाला. "बऱ्याच दिवसांनी आलात."

भिंगरीने गुडघे जवळ घेतले. मग म्हणाली, "गावाला गेले होते."

"असं. काम होतं का काही?"

"हो. शाळेचं काम. खूप असतं."

"बारीक करू की मध्यम?"

"मध्यम." ती ताठ बसली. "आणि फवारा मार."

त्याने तोंडाने फवाऱ्याचा आवाज काढला. तिने खांदे उडवले, जणू खरंच गार पाणी पडलं. मग त्याने दोन बोटांची कात्री केली आणि हवेत कचकच सुरू केली, आणि भिंगरी बोलायला लागली. तिच्या वर्गात एक मुलगी आहे तिला खडू खायची सवय आहे. आजी झोपेत घोरते आणि सकाळी म्हणते मी जागीच होते. शाळेतल्या बाईंनी तिला एकदा बाकावर उभं केलं होतं, आईला अजून माहीत नाही.

"साहेब, बिनधास्त सांगा. आमच्याकडे एका खुर्चीवरचं दुसऱ्या खुर्चीवर जात नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे इथे बोललेलं इथेच. आईच्या घरी नेणार नाही, मालकाला सांगणार नाही. तो आमचा कायदा आहे."

"पोलीस पकडतात?"

"पोलीससुद्धा आमच्याकडेच केस कापतात."

शिपाई किल्ली घेऊन आला तेव्हा दोघांपैकी कुणालाच कपाट उघडायला नको होतं. कोपऱ्यात समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

तिथून पुढे प्रत्येक शनिवारी दुकान लागलं. भिंगरीचे केस आता पाठीवर आले होते, एक घट्ट वेणी, टोकाला लाल रबर. वेणीत एक केस इकडचा तिकडे नसायचा. घालणाऱ्या हाताची त्याला मनातल्या मनात दाद द्यावी लागायची. एकदा खेळता खेळता भिंगरी म्हणाली, "आई वेणी घालताना ओढते. डोळ्यांत पाणी येतं."

"मग सांगायचं तिला, हळू."

"सांगते. ती म्हणते, बोलत राहा म्हणजे दुखत नाही." आणि मग, "माझे केस कापशील? पहिल्यासारखे?"

"इथे कात्री आणू देत नाहीत, साहेब."

तिच्या बोलण्यात ओढण्याचं दुखणं त्याला ऐकू आलं, आणि 'पहिल्यासारखे' ऐकू आलं. मधलं ऐकू आलं नाही.

बाईंनी चांगलं लिहिलं. रविवार मिळाला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आईच्या दारात परत. आदेशाची प्रत देताना बाईंनी बजावलं, "तिच्या बाबतीतलं काहीही मोठं ठरवायचं असलं, शाळा, डॉक्टर, बाहेरगावी नेणं, तर आधी तिच्या आईला विचारायचं. एकट्याने ठरवायचं नाही. दोन घरांतलं मूल म्हणजे दोघांनी धरलेली परात. एकाने हलवली की सांडतं."

"विचारीन."

केस या यादीत नव्हते. आणि असते तरी त्याला ते मोठं वाटलं नसतं. दिवसाला जो ढीगभर केस झाडून टाकतो, त्याला केसांचं काय.

*

सलूनवाल्यांचा रविवार म्हणजे आठवड्याचं पीक. मालक कपाळाला हात लावून बसला.

"रविवारी सुट्टी मागणारा कारागीर आणि लग्नाच्या दिवशी उपास धरणारा आचारी, दोघांना एकाच कोठडीत ठेवलं पाहिजे. वार दुसरा नव्हता मिळत?"

"शाळा असते बाकीचे दिवस."

"मग आण तिला इथेच. दुपारपर्यंत खुर्ची सांभाळ, नंतर जा." मग आवाज उतरवून म्हणाला, "फळी आहे अजून. मागे टाकलीय. पुसून घे."

पहिल्या दोन रविवारी भिंगरी बाकावर बसून जुनी मासिकं चाळत होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "तुमचा नंबर यांच्यानंतर." तिसऱ्या रविवारी जेवणाच्या वेळेला दुकान रिकामं झालं. मालक घरी गेला. ती स्वतःच फळी ओढत घेऊन आली, खुर्चीच्या हातांवर टाकली आणि वर चढली. आरसा खरा होता. भिंतभर.

"या साहेब."

"कापायचे आहेत," भिंगरी म्हणाली.

"किती?"

तिने कानाच्या पाळीवर बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग परत लगेच लांब होणार नाहीत हं. विचार करा, साहेब."

"केला. कालच केला."

त्याने तिच्या अंगावर कापड टाकलं, मानेशी गाठ मारली. वेणी कापडावर घेतली. ती हातात जड लागली. तिचं टोक धरून त्याने वर वर नजर नेली, लाल रबरापासून मानेपर्यंत, आणि ते सगळे महिने त्याच्या बोटांखालून गेले: कोर्टाच्या तारखांचे, बंद दाराचे, बसस्टॉपवर बसल्यासारखे बसलेले. जिथे त्याची रेष होती तिथवर पोचला तेव्हा त्याला वाटलं, इथून आपण पुन्हा सुरू करू शकतो. एवढा मधला तुकडा काढून टाकला की झालं.

वेणी कापायला वेळ लागतो. एका फटक्यात कापली जात नाही, कात्रीला चावत चावत जावं लागतं. तो आवाज भिंगरीने डोळे मिटून ऐकला. मग त्याने कडा सारखी केली, मानेवर ब्रश फिरवला. तिने डोळे उघडले, डोकं इकडे तिकडे हलवलं, हलकं लागलं म्हणून हसली. म्हणाली, फिरव. त्याने फिरवली.

घरी जेवताना ती सारखी मानेवर हात नेत होती. जेवण झाल्यावर, त्याने ताटं उचलली तेव्हा, तिने विचारलं, "बाबा, उद्या सकाळी आई मला कुठे बसवेल?"

"म्हणजे?"

"वेणी घालायला. ती खाटेवर बसते आणि मी खाली. मग मी सांगते आणि ती ऐकते. ती पण सांगते."

त्याच्या हातातली ताटं तशीच राहिली.

"आता वेणीच नाही," भिंगरी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ती परत लावता येते का? रबर आहे तिला."

वेणी त्याने दुकानातून कागदात गुंडाळून आणली होती. ती पिशवीत होती. ती लावता येत नाही हे त्याने तिला सांगितलं. ती रडली नाही. खिडकीत जाऊन पाठ करून उभी राहिली, आणि तो तिच्या मागे उभा राहिला. खिडकीला गज होते, काच नव्हती.

*

दार बायकोने उघडलं. आधी तिचं लक्ष पिशवीकडे गेलं, मग मुलीकडे. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त भिंगरीच्या मानेवर, जिथे केस संपत होते तिथे, हात ठेवला आणि म्हणाली, "आत जा. आजीने दूध ठेवलंय."

भिंगरी आत गेली. बायकोने मागे दार ओढून घेतलं.

"तिनेच..." त्याने सुरुवात केली आणि पुढचं गिळलं.

"मी सकाळी निघते तेव्हा घाई," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. "रात्री येते तेव्हा ती झोपलेली. मधे ती माझ्या आईकडे. तिच्या शाळेत काय झालं, कुणी चिडवलं, कुठे पोट दुखलं, हे मला कळायचं ते सकाळी वेणी घालताना. समोर बसवून विचारलं तर एक अक्षर बोलत नाही. तुमच्यासारखी. पाठ केली की सगळं सांगते. मी मुद्दाम सावकाश घालायचे. पेड सोडून पुन्हा घालायचे. तिला वाटायचं मी ओढते."

तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. इतकी वर्षं जी गोष्ट तो हिला सांगू शकला नाही ती हिला मुलीकडून कळली होती. पाठीमागे बसून कसं ऐकायचं, तेही.

"तुम्ही दिवसभर लोकांचे केस कापता," ती म्हणाली. "हे तेवढे सोडायचे होते."

त्याने कागदात गुंडाळलेली वेणी पुढे केली. तिने ती घेतली आणि दार लावलं.

अर्ज तिच्या वकिलाने केला. विचारल्याशिवाय मुलीच्या दिसण्यात बदल केला, आदेशाचा भंग, असं काहीतरी. त्याचा वकील मात्र खुशीत होता.

"काही होत नाही. मुलीनेच मागितलं होतं ना? तेच सांगा. न्यायाधीश मुलीला आत बोलावून एकटीला विचारतील, ती हो म्हणेल. संपलं."

"आत म्हणजे?"

"त्यांच्या खोलीत. चॉकलेट वगैरे देतात. विचारतात, बाळ, केस कापायला तू सांगितलंस का? का सांगितलंस? आई ओढायची ना?" वकील हसला. "हे शेवटचं आपल्या फार कामाचं."

त्या रात्री कारागिराने काय विचार केला असेल ते कुणाला कळायचं कारण नाही. तारखेला तो धुतलेला शर्ट घालून उभा राहिला. बायको पलीकडे उभी होती. समुपदेशक बाई मागे बसल्या होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, "केस कापायला मुलीने सांगितलं होतं, असं तुमचे वकील म्हणतात. खरं आहे?"

समोरासमोर होतं सगळं. मधे काच नव्हती. वकिलाने कोपराने ढोसलं.

"खुर्चीत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही, साहेब," तो म्हणाला. "कात्री माझ्या हातात होती."

"म्हणजे निर्णय तुमचा होता?"

"कात्री माझ्या हातात होती. तिला काही विचारू नका."

वकिलाने फाईल मिटली. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं, बराच वेळ. रविवार पुढचा आदेश होईपर्यंत स्थगित. भेट पूर्वीप्रमाणे, इमारतीत, देखरेखीखाली. बायको त्याच्याकडे बघत होती. भिंगरीने घरी तिला सगळं सांगितलं असणार, हे त्याला तिच्या बघण्यावरून कळलं. ती काही बोलेल असं क्षणभर वाटलं. मग तिच्या वकिलाने तिला हाक मारली.

"एक वाक्य बोलला असतात तर वाचला असतात," बाहेर आल्यावर त्याचा वकील म्हणाला. "घुम्याशी गाठ पडली."

*

पुन्हा ढगांची खोली आली. दारावरचा शिपाई आता तपासत नाही, नुसता हात पुढे करतो आणि हा कात्री काढून देतो. जिराफाला कुणीतरी नवीन तोंड रंगवून दिलंय, ते घोड्याचं झालंय. पुढचा आदेश अजून झालेला नाही. एक तारीख संपाने गेली, एक न्यायाधीशांच्या बदलीने. रविवारी तो दुकानात असतो. मालक फळीबद्दल काही बोलत नाही.

परवाच्या शनिवारी भिंगरी कपाटापुढे येऊन बसली. हिवाळा संपत आला होता, खोलीत ऊन होतं, काचेत नीट दिसत नव्हतं. केस खांद्यापर्यंत पोचत होते जेमतेम, पण मागे एक वेणी होती. बोटभर. चार-पाच वळशांत संपलेली, बाजूचे केस निसटलेले. टोकाला तेच लाल रबर, पाच-सहा वेढे घालून घट्ट केलेलं.

"या साहेब. आज काय करायचं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "नुसतं बसायचं."

तो मागे बसला. खिशातला कंगवा काढला नाही.

"वेणी घातली वाटतं."

"हो. आई म्हणाली, घालून बघू. रोज सुटते. मग परत घालतो."

"दुखतं?"

"आता ओढायला काही नाहीच."

बाहेर बाकावर आजी खोकली. कारागिराने काचेत भिंगरीचे डोळे शोधले. "सकाळी बोलता मग? तू आणि आई?"

"बोलतो."

"काय बोलता?"

भिंगरीने काचेत त्याच्याकडे पाहिलं, मग बाहुलीकडे. "ते आईच्या खुर्चीवरचं आहे," ती म्हणाली.

त्याने काचेत मान हलवली. म्हणाला, "बरोबर."

शिपाई किल्ली घेऊन आला. भिंगरीने मानेनेच नको म्हटलं आणि ताठ बसून राहिली, खांदे किंचित मागे, जसं खुर्चीत बसतात तसं. तिच्या डोक्यामागे त्याचे दोन्ही हात रिकामे होते. वेळ संपायला अजून थोडा अवकाश होता.